रोजची ॲसिडिटी: गोळीआधी काय पाहायचं, गोळी कशी घ्यायची आणि कशी सोडायची

रात्री दोन-अडीचला घशाशी आंबट-कडू पाणी येतं आणि माणूस दचकून उठून बसतो. ठसका लागतो, छातीच्या मधल्या हाडामागे चरचरत राहतं. सकाळी तोंड आंबूस, आवाज बसलेला. दिवसभर करपट ढेकरा आणि चार घास जास्त झाले की पोट गच्च. हे महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी होत असेल, तर त्याचा फार विचार करू नका. ज्यांचं हे आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने चाललंय आणि ज्यांच्या उशाशी गोळ्यांची पट्टी कायम असते, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी डॉक्टर नाही. या दुखण्यात बरीच वर्षं काढलेला आणि त्यामुळे त्याबद्दल भरपूर वाचलेला, भरपूर विचारलेला रुग्ण आहे. या सगळ्यातून एक गोष्ट मला पक्की पटली. आपण ज्याला सरसकट 'ॲसिडिटी' म्हणतो, ती चार-पाच वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. आपलं दुखणं त्यांतलं कुठलं, हे न पाहता गोळी गिळत राहिलं की वर्षं जातात आणि त्रास जागेवरच राहतो. म्हणून पुढच्या पायऱ्या शक्यतो त्याच क्रमानं करा.

सगळ्यात आधी: कशात वेळ काढायचा नाही

पुढच्यापैकी काहीही असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा:

- घास अडकतो, किंवा गिळताना दुखतं
- प्रयत्न न करता वजन उतरतंय, दोन घासांतच भूक मरते
- उलटीत रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी
- डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच
- उलट्या थांबत नाहीत
- हिमोग्लोबिन कमी निघालंय आणि कारण सापडत नाही
- वयाची पंचावन्न-साठ वर्षं उलटल्यावर हा त्रास पहिल्यांदाच सुरू झालाय
- आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता

लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथ असलेल्या औषधांनीही शौच काळी होते, त्यामुळे नुसत्या रंगावरून घाबरू नका. पण तशी कुठलीच गोळी चालू नसेल, तर तो रंग साधा समजू नका.

छातीत दुखण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. हृदय आणि अन्ननलिका शेजारी-शेजारी असतात आणि त्यांच्या वेदनांचे संदेश जवळपास त्याच मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडे जातात. त्यामुळे जळजळ कुठली आणि हृदयविकार कुठला, हे लक्षणांवरून ठरवणं ईसीजी काढेपर्यंत डॉक्टरांनाही अवघड जातं. छाती आवळल्यासारखी वाटणं, घाम सुटणं, धाप लागणं, हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारी कळ, जिना चढताना येणारं आणि थांबल्यावर ओसरणारं दुखणं, यांपैकी काही असेल तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मधुमेह असलेले, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकार कधीकधी नुसती मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागातली अस्वस्थता होऊनही येतो. अँटासिडनं बरं वाटलं म्हणजे हृदयाचं नव्हतंच, असं मुळीच धरू नका.

पायरी १: त्रास नेमका कुठला, ते ओळखा

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक गोल झडप असते. गिळताना ती उघडते आणि लगेच मिटते. जठरातला रस चांगलाच तीव्र असतो, उपाशीपोटी त्याचा पीएच साधारण १ ते २ (हा आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र). जठराच्या आतून श्लेष्म्याचं जाड अस्तर असल्यानं जठर तो सहज सोसतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नसतं. जेवणानं जठर ताणलं की हवा बाहेर सोडण्यासाठी ही झडप न गिळताही काही सेकंद सैल पडते, म्हणून तर ढेकर येतो. हे सगळ्यांनाच होतं. काहींच्यात या सैल पडण्याबरोबर हवेसोबत आम्लही वर येतं. काहींच्यात जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून किंचित वर सरकलेला असतो. त्याला हायटस हर्निया म्हणतात आणि त्यानं झडप आणखी कमजोर होते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त झालेलं नसतं, ते नको त्या जागी गेलेलं असतं. 'माझ्या अंगात ॲसिड फार आहे' या समजुतीवर आपण सगळे उपाय बेततो, आणि तिथेच गाडी चुकते.

आता स्वतःची लक्षणं पाहा.

छातीच्या हाडामागे जळजळ, आंबट पाणी तोंडात येणं, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारा त्रास, हे रिफ्लक्स. कोरडा खोकला, सतत घसा खाकरावासा वाटणं, सकाळी आवाज बसणं हेही काही वेळा त्यातूनच येतं, पण या घशाच्या तक्रारींना इतरही बरीच कारणं असतात. त्यामुळे छातीत काहीच नाही आणि फक्त घशाचा त्रास आहे, असं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना आधी दाखवा.

थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं, जेवणानंतर तासन्‌तास जडपणा, बेंबी आणि बरगड्या यांच्या मधल्या भागात दुखणं किंवा जळणं, हे अपचन. इथे आम्लाचा वाटा कमी असू शकतो. जठर जेवणासाठी नीट सैलावत नाही, हळू रिकामं होतं, किंवा त्याच्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात.

बेंबीखाली पोट फुगणं, गुबारा धरणं, गॅस सुटल्यावर बरं वाटणं, हे बहुतेक वेळा आतड्याचं प्रकरण. बद्धकोष्ठता, दुधातली साखर न पचणं अशी कारणं तिथे शोधावी लागतात. आम्ल कमी करणाऱ्या गोळीचा इथे काही उपयोग नाही.

उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या मध्यभागी वर, जड जेवणानंतर उठणारी, अर्ध्या तासापासून काही तास टिकणारी आणि पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी कळ असेल तर पित्ताशयातल्या खड्यांचा विचार करावा लागतो. साध्या सोनोग्राफीत ते दिसतात.

एकाच माणसाला दोन प्रकार एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. तरीही 'मला मुख्यतः कुठला त्रास आहे' याचं एका वाक्यात उत्तर देता यायला हवं. ते जमत नसेल तर पुढची पायरी त्यासाठीच आहे.

पायरी २: चौदा दिवसांची वही

रोज चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजता आणि किती पोटभर खाल्लं, त्रास किती वाजता झाला, तेव्हा बसला होतात, वाकला होतात की आडवे होतात, आणि त्रास ० ते १० मध्ये किती. काय खाल्लं तेही लिहा, पण वेळ आणि प्रमाण चुकवू नका. आपण नेहमी पदार्थाला दोष देतो. माझ्या वहीत आठव्या-नवव्या दिवशीच स्पष्ट दिसलं की पदार्थ कुठलाही असो, झोपण्याच्या तासाभर आधी भरपेट जेवलो की रात्र वाईट जाते. तोवर मी कितीतरी गोष्टी उगाच सोडून बसलो होतो.

या चौदा दिवसांत मुद्दाम काही बदलू नका. आहे तसं आयुष्य कागदावर यायला हवं.

पायरी ३: दुसऱ्या दुखण्यांची औषधं तपासा

ही पायरी बहुतेक लेखांत नुसती उरकली जाते. माझ्या मते ती पहिल्या तीनांत हवी, कारण कारण इथे सापडलं तर पुढचा बराच खटाटोप वाचतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि ॲस्पिरिन जठराचं संरक्षक अस्तर कमजोर करतात. त्यानं अपचन होतं, व्रण होतो, प्रसंगी रक्तस्राव होतो. गुडघ्यासाठी किंवा डोकेदुखीसाठी सुटी गोळी अधूनमधून घेत असाल, तर तीही वहीत लिहा.

काही गोळ्या अन्ननलिकेत अडकून तिथेच जखम करतात. डॉक्सिसायक्लिन, हाडांसाठी दिली जाणारी ॲलेंड्रोनेट, लोह, पोटॅशियम क्लोराइड ही त्यांतली ठळक नावं. या गोळ्या कधीही घोटभर पाण्यावर, झोपता झोपता घेऊ नका. पेलाभर पाणी प्या आणि त्यानंतर किमान अर्धा तास ताठ बसा किंवा उभे राहा.

रक्तदाबाची ॲम्लोडिपिन किंवा निफेडिपिनसारखी औषधं, छातीच्या दुखण्यावरची नायट्रेट्स आणि दम्याची थिओफायलिन झडप सैल करू शकतात. मधुमेह आणि वजनासाठी टोचली जाणारी सेमाग्लुटाइडच्या गटातली औषधं जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतात. ही औषधं स्वतःच्या मनानं बंद करायची नाहीत. डॉक्टरांना 'हे औषध सुरू झालं तेव्हापासून हा त्रास आहे' एवढं सांगा. बऱ्याचदा पर्याय असतो.

पायरी ४: रात्र सुधारा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक इथे पडला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दिवसा आम्ल वर आलं तरी आपण उभे किंवा बसलेले असतो, ते खाली ओघळतं. शिवाय आपण सतत लाळ गिळत असतो, आणि लाळ आम्लाचा जोर मारते. झोपेत हे दोन्ही पहारे उठतात. गिळणं जवळजवळ थांबतं, लाळ आटते आणि वर आलेलं आम्ल अन्ननलिकेत बराच वेळ तसंच पडून राहतं. दिवसाच्या पाच मिनिटांच्या जळजळीपेक्षा रात्रीचं हे साचणं जास्त नुकसान करतं.

शेवटचं जेवण आणि आडवं होणं यांत तीन तास जाऊ द्या, अगदीच नाही जमलं तर दोन. झोपायची वेळ पुढे ढकलण्यापेक्षा जेवण अलीकडे आणा. रात्रीचं जेवण दिवसातलं सगळ्यात हलकं ठेवा. उशिरापर्यंत काम करणाऱ्यांनी मुख्य जेवण संध्याकाळी उरकून रात्री अगदी थोडं खाल्लं तरी भागतं.

पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटीमीटर उचला. त्या बाजूच्या दोन पायांखाली लाकडाचे भक्कम ठोकळे ठेवले की झालं. पलंग उचलता येत नसेल, तर कमरेपासून डोक्यापर्यंत उतार देणारी पाचरीच्या आकाराची उशी वापरा. एकावर एक दोन-तीन उशा घेऊ नका. त्यानं मान आणि कंबर मोडते, पोटावर दाब येतो आणि त्रास वाढतो. पहिले चार-पाच दिवस अंग खाली घसरल्यासारखं वाटतं, मग सवय होते.

डाव्या कुशीवर झोपा. जठराचा मोठा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर असताना रस त्या भागात साठतो आणि झडप त्याच्या पातळीच्या वर राहते. उजव्या कुशीवर वळलात की झडप त्याच रसात बुडते. रात्रभर एकाच कुशीवर राहणं शक्य नसतं, पण निदान झोप लागेपर्यंतचा काळ आणि मध्ये जाग आली तर पुन्हा डावीकडे, एवढं जमतं. पाठीमागे लांब लोड लावून ठेवला तर वळणं आपोआप कमी होतं.

पायरी ५: एकेक पदार्थाची परीक्षा

कॉफी, चॉकलेट, पुदिना, मद्य, लिंबूवर्गीय फळं, टोमॅटो, कच्चा कांदा, तिखट, तळकट, फसफसणारी पेयं ही नेहमीची संशयित यादी. ती पूर्ण पाळली तर जेवणात फारसं काही उरत नाही आणि माणूस खायलाच घाबरू लागतो. यादीतलं सगळं सगळ्यांना बाधत नाही. वहीतून ज्या दोन-तीन गोष्टींवर खरोखर संशय येतो, त्यांतली एक १० ते १४ दिवस पूर्ण बंद करा. फरक पडला तर पुन्हा दोनदा खाऊन पाहा. त्रास परत आला तरच ती गोष्ट दोषी. मग दुसरी. हे सावकाश होतं, पण शेवटी तुमच्या हातात तुमची स्वतःची यादी येते, आणि ती बहुधा छोटी असते.

तिखटाबद्दल एक बारकावा आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन वेदनेच्या आणि उष्णतेच्या संवेदना नेणाऱ्या नसांना थेट डिवचतं. म्हणजे आम्ल न वाढताही जळजळ जाणवू शकते. स्निग्ध पदार्थांचं उलट आहे. त्यांनी लगेच जळजळ होत नाही, पण जठर उशिरा रिकामं होतं आणि जडपणा तासन्‌तास टिकतो. अपचनाचा त्रास मुख्य असेल तर तिखटाआधी तेल-तूप कमी करून पाहा.

दुधानं लगेच गार वाटतं हे खरं. पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल तयार करायला लावतात, म्हणून तास-दीड तासानं जळजळ परत येते. एखाद्या वेळी चालेल, रोजचा उपचार म्हणून नको.

पदार्थांपेक्षाही ताटातलं प्रमाण आणि खाण्याचा वेग जास्त बोलतात. तेच अन्न दोन मोठ्या जेवणांऐवजी चार लहान वेळांत वाटा आणि प्रत्येक वेळी थोडी भूक ठेवून उठा. घाईघाईनं खाताना बरीच हवाही गिळली जाते. जेवणानंतर शतपावली करा, पण वाकून करायची कामं, जड उचलणं आणि पोटाचे व्यायाम तेव्हा टाळा. जेवणानंतर अर्धा तास बिनसाखरेचं च्युइंगम चघळल्यानं लाळ वाढते आणि रिफ्लक्सला आराम पडतो. पोट फुगण्याची तक्रार असेल तर मात्र ते नको, कारण त्यात हवा गिळली जाते.

वजन, पट्टा, तंबाखू, श्वास

पोटावरची चरबी जठरावर आतून दाब देते आणि झडपेवर त्याचा ताण येतो. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुळात वजन प्रमाणात असलेल्या स्त्रियांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) साडेतीनपेक्षा जास्त वाढला, तेव्हा वारंवार जळजळ होण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट दिसलं. म्हणजे तुम्ही 'लठ्ठ' आहात का, यापेक्षा गेल्या काही वर्षांत वजन किती वाढलं, हा प्रश्न जास्त कामाचा.

कमरेचा पट्टा आणि कपडे सैल ठेवा. धूम्रपान सोडा, त्यानं झडप सैल पडते आणि लाळही कमी होते. पोटानं श्वास घेण्याचा सराव रोज दहा-पंधरा मिनिटं करून पाहा. श्वासपटलाचे स्नायू त्या झडपेला बाहेरून वेढा देतात आणि ते बळकट झाले की झडपेला आधार मिळतो. यावरचे अभ्यास लहान आहेत, पण त्यांत फायदा दिसलाय आणि यात गमावण्यासारखं काही नाही.

पायरी ६: औषधं, ज्याच्या त्याच्या जागी

अँटासिड आहे ते आम्ल मारतं. मिनिटांत काम करतं आणि साधारण अर्धा-एक तास टिकतं. मॅग्नेशियमचं असेल तर शौचाला पातळ होऊ शकतं, ॲल्युमिनियमचं असेल तर बद्धकोष्ठता. खाण्याच्या सोड्यात सोडियम फार असतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तो घेऊ नये. थायरॉइडची गोळी, लोह आणि काही प्रतिजैविकं अँटासिडसोबत घेतली तर नीट शोषली जात नाहीत, म्हणून मध्ये काही तासांचं अंतर हवं.

अल्जिनेट असलेली पातळ औषधं वेगळी असतात. ती जेवणावर तरंगणारा एक जेलीसारखा थर तयार करतात आणि तो आम्लाला वर यायला अडवतो. जेवणानंतर आणि झोपताना घ्यायची. ज्यांना जळजळीपेक्षा पाणी वर येण्याचा त्रास जास्त आहे, त्यांना मी आधी हेच सुचवेन. गरोदरपणातली जळजळही फार नेहमीची असते. तिथे डॉक्टरांना विचारून सुरुवात बहुधा याच गटापासून होते.

फॅमोटिडीन आम्ल तयार होणंच कमी करते. ती तासाभरात लागू पडते आणि दहा-बारा तास टिकते. पण रोज घेतली तर एक-दोन आठवड्यांत शरीर तिला सरावतं आणि असर उतरतो. म्हणून ती रोजच्यापेक्षा अधूनमधून घेतलेली बरी.

आणि मग 'प्राझोल'वाल्या गोळ्या: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल. यांना पीपीआय म्हणतात. यांतली पहिली, ओमेप्राझोल, १९८८ मध्ये बाजारात आली आणि तिनं या आजाराचं चित्रच पालटलं. फार गुणकारी औषध, पण बहुतेक लोक ते चुकीच्या वेळी घेतात. मीही कित्येक वर्षं नाश्त्यानंतर, आठवेल तेव्हा घेत होतो. एका नव्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी किती वाजता घेता, आणि त्यानंतर किती वेळानं खाता?" तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं.

कारण असं. जठराच्या पेशींमध्ये आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. ही गोळी फक्त चालू असलेले पंप बंद करते आणि ती रक्तात थोडे तासच राहते. पंप चालू होतात ते खाल्ल्यावर. म्हणून गोळी रक्तात पोचलेली असताना जेवण आत यायला हवं. दिवसाच्या पहिल्या खाण्याआधी ३० ते ६० मिनिटं, रोज त्याच सुमारास, न चावता, न फोडता. जेवणानंतर किंवा झोपताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. पहिल्या दिवशी पूर्ण गुण येत नाही, तीन ते पाच दिवस लागतात. त्यामुळे त्रास झाला की एक, नाही झाला की नाही, असं घेऊन ती कधी नीट लागूच पडत नाही.

नेहमीचा प्रयोग असा असतो: डॉक्टरांच्या सल्ल्यानं दिवसातून एकदा, ४ ते ८ आठवडे, आणि मग हिशेब. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल त्याचा असर कमी करतात, तेव्हा ते आवर्जून सांगा. कॅप्सूलच्या नावापुढे 'डी' असेल तर तिच्यात बहुधा डोम्पेरिडोनही आहे. ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. म्हणूनच युरोपीय औषध नियामक संस्थेनं २०१४ मध्ये त्याचा वापर फक्त मळमळ-उलटीपुरता आणि साधारण एका आठवड्यापर्यंत मर्यादित केला. महिनोन्‌महिने तशी जोडगोळी घेत असाल, तर तिची गरज आहे का, ते विचारा.

पायरी ७: आठ आठवड्यांनीही गुण नाही तर

गोळी योग्य वेळी, रोज घेऊनही फरक नसेल तर तिचा डोस वाढवत बसू नका. निदान तपासायची वेळ आली आहे.

अपचनाची लक्षणं असतील तर एच. पायलोरी या जिवाणूची तपासणी आधी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो जठरातून वाढवून दाखवला. व्रण ताणामुळे आणि तिखटामुळे होतात असं तेव्हा सगळे मानत होते. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज तो श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीनं कळतो. तपासणीआधी पीपीआय दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद हवीत, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल 'नाही' असा येतो. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी जुना संसर्ग आणि चालू संसर्ग यांत फरक करू शकत नाही. उपचार बहुधा १४ दिवसांचा, अनेक गोळ्यांचा असतो. तो अर्धवट सोडू नका, आणि संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जिवाणू गेला का, ते पुन्हा तपासा. ही शेवटची तपासणी बरेच जण टाळतात.

एंडोस्कोपीत अन्ननलिकेचा दाह, व्रण, हायटस हर्निया दिसतात. अनेक वर्षांच्या रिफ्लक्समुळे अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात, तेही दिसतं. पन्नाशी उलटलेला पुरुष, पाचहून अधिक वर्षांचा त्रास, पोटाचा घेर मोठा, धूम्रपान, अशी जोखीम साठलेली असेल तर एंडोस्कोपीबद्दल स्वतःहून विचारा. घास अडकत असेल तर तिथले नमुनेही घ्यायला सांगा, कारण ॲलर्जीतून होणारा अन्ननलिकेचा एक दाह नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही.

जळजळ असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांची एंडोस्कोपी नॉर्मल येते. तेव्हा २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ अन्ननलिकेतला पीएच मोजणारी तपासणी उपयोगी पडते. एकूण वेळेपैकी ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ आम्ल असेल तर ते सामान्य, ६ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर रिफ्लक्स नक्की. झडपेची शस्त्रक्रिया करायची म्हणाल तर ही तपासणी आणि अन्ननलिकेच्या दाबाची मोजणी झाल्याशिवाय होकार देऊ नका.

पायरी ८: गोळी सोडताना

बरं वाटतं, गोळी बंद होते, चार दिवसांत आग परत येते, आणि माणूस ठरवतो की आता ही जन्माची. इथे फसगत होते. आम्ल दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन हे आम्ल सोडायला लावणारं संप्रेरक वाढवून जास्त आम्ल मागत राहतं. गोळी अचानक काढली की काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटतं. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी लोकांवर एक अभ्यास झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी कसलाही त्रास नसलेल्या या लोकांपैकी ज्यांना आठ आठवडे गोळी देऊन थांबवली, त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना नंतर आम्लाची लक्षणं जाणवली. ज्यांना नुसतीच औषधविरहित गोळी दिली होती त्यांच्यात १५ टक्के. म्हणजे परत आलेली ती आग दर वेळी मूळ आजाराचीच असते असं नाही.

म्हणून उतरा, उडी मारू नका. दोन-तीन आठवडे निम्मा डोस, मग दोन-तीन आठवडे एक दिवसाआड, मग बंद. या काळात अल्जिनेट किंवा फॅमोटिडीन हाताशी ठेवा आणि रात्रीचे नियम काटेकोर पाळा. बंद केल्यावर किमान चार आठवडे वाट पाहून मगच ठरवा.

काहींनी मात्र ती सोडायची नसते. बॅरेट असलेले, अन्ननलिकेचा तीव्र दाह झालेले, व्रणातून रक्त गेलेले, जोखीम असूनही ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक चालू ठेवावं लागणारे. त्यांच्यासाठी ती संरक्षण आहे. दीर्घ वापराच्या तोट्यांबद्दल भीतीदायक मथळे खूप येतात. २०१९ मध्ये १७,००० हून अधिक लोकांना साधारण तीन वर्षं पँटोप्राझोल किंवा औषधविरहित गोळी देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात आतड्यांचा संसर्ग तेवढा वाढलेला दिसला. हाडं मोडणं, मूत्रपिंडाचा आजार, विस्मृती यांत ठोस फरक आढळला नाही. तरी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी१२ आणि मॅग्नेशियम अधूनमधून पाहून घ्यावं. गरज असेल तर न घाबरता घ्या, गरज नसेल तर सवय म्हणून घेऊ नका.

सगळे रिपोर्ट नॉर्मल, त्रास तसाच

हे ऐकणं फार जिवावर येतं. घरचे म्हणतात, "काही नाहीये तुला, मनाचं आहे." पण रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्रास खोटा, असं नसतं. पचनाच्या अशा तक्रारींच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६ च्या रोम निकषांत या स्थितीला स्वतंत्र निदान आहे, फंक्शनल डिस्पेप्सिया. जठर आणि अन्ननलिकेच्या नसा साध्या ताणालाही वेदना म्हणून कळवतात, जणू आवाजाचं बटण वर अडकलंय. आम्ल कमी करून ते खाली येत नाही. इथे ॲमिट्रिप्टिलिनसारखं औषध अगदी लहान डोसात उपयोगी पडू शकतं. ते नैराश्यासाठी बनलेलं असलं तरी इथे काम करतं ते नसांवर, म्हणून चिठ्ठीवर नाव पाहून दुखावून जाऊ नका. मानसोपचाराच्या काही पद्धती, विशेषतः वर्तन-विचार पद्धत आणि पोटावर केंद्रित संमोहन, यांचाही खरोखर उपयोग होतो. झोप पुरी होत नसेल तर वेदना जास्त जाणवते, त्यामुळे झोप हा इथे उपचारच समजा.

मिनिटाला कित्येक ढेकरा येत असतील आणि झोपेत त्या पूर्ण थांबत असतील, तर ती हवा पोटातून येत नाही. नकळत अन्ननलिकेत ओढली आणि लगेच सोडली जाते. पोटानं श्वास घेण्याचा सराव आणि वाचा-उपचारतज्ज्ञांचं प्रशिक्षण यावर औषधापेक्षा चांगलं काम करतं.

डॉक्टरांकडे जाताना

वही, चालू औषधांच्या पट्ट्या आणि जुने अहवाल न्या. बसल्यावर "ॲसिडिटी आहे" एवढंच म्हणून थांबू नका. "छातीच्या हाडामागे जळजळ, आठवड्यातून चार रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, सात महिन्यांपासून, गोळी नाश्त्याआधी अर्धा तास सहा आठवडे घेतली, निम्मा फरक" असं सांगा. एवढ्या एका वाक्यानं भेटीतला बराच वेळ वाचतो. गोळी लिहून मिळाली तर ती किती वाजता घ्यायची, किती आठवडे घ्यायची आणि कशी उतरवायची, हे तिन्ही त्याच कागदावर लिहून घ्या.